पेपरमिंटच्या वासाची गोळी

१. बशी

गयाबाईंनी दिलेली गोळी भैयालालजींच्या तळहातावरून घरंगळली आणि नेमकी मोहरीलबाबूंच्या बशीतल्या गरम चहात जाऊन पडली. दुसऱ्याच क्षणी दुर्गजवळच्या बोरसीतल्या टेंभऱ्यांच्या लहानशा पडवीत पेपरमिंटचा वास दरवळला.

"जूठी झाली बाबूजी, दुसरा घ्या," म्हणत भैयालालजींनी लगबगीनं बशी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

शामसुंदर मोहरील हे पोलाद कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल. अंगकाठी किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. शेजारी भैयालाल टेंभरे, गयाबाईंचे यजमान, तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. रोलिंग मिलच्या गडगडाटात कान गेलेले, त्यामुळे बोलण्यापेक्षा हातांच्या खुणांवर भरवसा जास्त. वर्षापूर्वी त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, आणि रोज तीन फिकट पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांच्या बाटलीतली माहितीची घडी मोहरीलबाबूंनीच गयाबाईंना दोनदा वाचून दाखवली होती. ती गोळी गोड नव्हती. तिला वासही नव्हता.

मग पेपरमिंट कुठून आलं?

"वहिनी, बाटली जरा पाहू का? नाव नीट वाचावं म्हणतो," मोहरीलबाबू म्हणाले. स्वतःचं खोटं त्यांना स्वतःलाच ऐकू गेलं आणि कानशिलं तापली. गयाबाईंनी बाटली दिली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूची गुडाखू घासून नाकाला गुडाखूशिवाय दुसरा वास उरलेला नाही. बाबूंनी एक गोळी हळूच खिशात टाकली.

घरी येऊन त्यांनी ती जिभेवर ठेवली. गोड, खडूसारखी. आम्लपित्तावर चघळतात ती साधी गोळी.

कंपनीनं चव बदलली असेल का? आपण एवढंसं पाहून एवढं मोठं कसं समजावं? या विचारात ते कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा परत आले. तिसऱ्यांदा मात्र थेट भैयालालजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टर कमलिनी घाट्यांच्या दवाखान्यापाशी पोचले. बाटलीतल्या गोळ्या खोट्या असतील, तर शेजारचा माणूस औषधाशिवाय मरत होता, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

२. तारीख हवी

कमलिनीबाईंनी कपाटातली खरी गोळी काढली, दोन्ही गोळ्या चमच्यानं ठेचल्या, वास घेतला.

"बदललेली आहे," त्या म्हणाल्या. मग दोन्ही चुरे पुन्हा निरखत थांबल्या. मोहरीलबाबूंना या बाईंचं हेच आवडायचं. ठाऊक नसलेल्या जागी त्या थांबत.

"पण मोहरीलसाहेब, पेशंट सुधारतोय हो."

त्यांनी फाईल उघडली. रक्ताचा नमुना मुंबईला जायचा, तिथून एक आकडा यायचा. आकडा वाढला की रोग वाढला. दहा नोव्हेंबरला आकडा होता एकतीस, आधीच्या तिन्ही वेळांपेक्षा जास्त; तेव्हा पाठही फार दुखायची. बारा जानेवारीला चौदा. नऊ फेब्रुवारीला, म्हणजे गेल्या गुरुवारी, सहा.

"नोव्हेंबरात मी गयाबाईंना ताकीद दिली होती की एकही गोळी चुकता कामा नये, स्वतःच्या हातानं द्या. मला वाटलं, नेम पाळला म्हणून आकडा उतरला. आता सांगा, गोळी बदलली कधी?"

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात बदलली असेल, तर आकडा खऱ्या गोळीनं उतरवलाय. ती आजच्या आज परत सुरू व्हायला हवी. पण नोव्हेंबरातच बदलली असेल, तर आकडा गोळी थांबल्यामुळे उतरलाय. म्हणजे मी जिला औषध म्हणत होते, तीच या रोगाला पोसत होती."

"असं होऊ शकतं?"

"दोनेक वर्षांपूर्वी कुठेतरी असं काही छापून आल्याचं ऐकलंय. मी वाचलेलं नाही. ऐकीव गोष्टीवर मी कुणाचं औषध बंद करणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "उगीच थांबून पाहायचं म्हटलं आणि अंदाज चुकला, तर दुखणं मणक्यात शिरेल. पाय जातील. सोमवारी ते येणार आहेत, तेव्हा मला एक काहीतरी लिहून द्यावंच लागेल. मला चोर नको, तारीख हवी. आणि पोलिसासारखं नाही, तुम्ही पुस्तक शोधता तसं शोधा. चोर घाबरला तर तारीखही जाईल."

 "कुठेतरी छापून आलेलं" ते दोन पानांचं टिपण मोहरीलबाबूंच्या ट्रंकेत होतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मित्रानं ऑक्टोबरात झेरॉक्स पाठवली होती. डॉक्टरांना आपण काय शिकवणार, या संकोचानं त्यांनी ती कधी बाहेरच काढली नव्हती. आत्ता सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि 'येतो' म्हणून उठले. आणि नुसतं टिपण देऊन काय उपयोग? तारखेशिवाय ते कोरा कागदच.

परतताना टेंभऱ्यांच्या फाटकाशीच त्यांना ओरडा ऐकू आला.

"तूच बदलली! तुयाच डब्यात आहेत त्या पिवळ्या गोळ्या!"

गयाबाई आपल्या सुनेवर, प्रेमलावर, तुटून पडल्या होत्या. बाबूंनी बाटली पाहायला मागितल्यामुळे त्यांना संशय आला होता. त्यांनी बाटली सुनेच्या नाकाशी धरली, तर ती बिचारी सहज बोलून गेली होती, "ही तर ॲसिडिटीची गोळी आहे, माझ्याकडे पण आहे."

आता तिच्या पायाशी पत्र्याची पेटी होती, आणि ती आपल्या साड्या तिच्यात कोंबत होती.

३. लुंग्यांवरचे डाग

भैयालालजी मागच्या अंगणात ऊन खात बसले होते. त्यांना यातला एक शब्दही ऐकू गेला नव्हता.

"सोमवारपर्यंत कुणी कुठं जाऊ नका," मोहरीलबाबू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या घरात हुकूम सोडला असेल. त्या दोघींना इतकं नवल वाटलं की भांडण तिथंच थांबलं.

गयाबाईंना त्यांनी पडवीत बसवलं.

"मी माया हातानं देतो बाबूजी, तीन टाइम. घोट घेतला का नाही ते पाह्यतो, तोंड उघडाले लावतो. डाक्टरीनबाईनं सांगतलं तवापासून एक दिवस नागा नाही. आन कोनी माई बाटलीच बदलून टाकली!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मले दिसत नाही, वास येत नाही. माया हातानंच त्याइले काय चारून राहिली मी?"

"वहिनी, गोळीचा काही फरक कधी जाणवला?"

"जुलाब बंद झाले ना. पह्यले लय होत होते."

बाबूंनी ते मनात टिपलं आणि लगेच खोडलं. जुलाब हा त्या गोळीचाच त्रास, हे खरं. पण त्यावर नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी निराळं औषधही दिलं होतं. जुलाब कशानं थांबले, कोण सांगणार?

प्रेमला पेटीवरच बसली होती.

"अंकल, मी कावून करू असं? फायदा क्या मुझे? उलट मामाजींच्या रोजच्या लुंग्या मीच धूत होती. वो पीले-हरे दाग, साबण लाऊन लाऊन हात गेले माझे. सासूबाई तं म्हणे, पोरगी आळशी आहे."

"थांब. हिरवट डाग?"

"हां. लघवीचे. नंतर बंद झाले."

 ती माहितीची घडी बाबूंना पाठ होती. या गोळीनं लघवीला हिरवट पिवळा रंग येऊ शकतो, असं तिच्यात खालून तिसऱ्या ओळीत छापलं होतं. जुलाबाच्या औषधानं जुलाब थांबले असतील, पण लघवीचा रंग त्यानं पालटणार नाही.

"कधी बंद झाले? नीट आठव पोरी. यावर फार काही आहे."

प्रेमलानं डोळे मिटले. "मंडईच्या जत्रेले माहेरी गेली होती ना मी, गोंदियाकडे. अठरा नोव्हेंबरले यांनी चरोद्याहून गाडीत बसवून दिलं. जायच्या दिवशी सकाळीच धुतल्या लुंग्या, डाग होते. अठ्ठावीसला आली तर सासूबाईंनी ढीग लाऊन ठेवला होता माझ्यासाठी. दहा दिवसांचा. त्यात वरच्या लुंग्या कोऱ्या. खालच्या दोन-तीनवर डाग."

ढीग! मोहरीलबाबूंना वाटलं, या मुलीला आपल्या ग्रंथालयात नोकरी द्यायला हवी होती. वर नवं, खाली जुनं. दहा दिवसांच्या लुंग्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या खालच्या तेवढ्या डागाळलेल्या. म्हणजे गोळी बदलली, ती प्रेमला गेल्यानंतर दोन-चार दिवसांत. आणि तेव्हा प्रेमला गोंदियाला होती. पण हा अजून अंदाजच, डॉक्टरीणबाईंना नेमकी तारीख हवी होती.

ते उठून गयाबाईंकडे गेले. "वहिनी, सूनबाईनं नाही केलं. ती इथं नव्हतीच."

गयाबाईंनी बोटांवर घरातली माणसं मोजली. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तवा घरात आमी दोघंच, पोरगा चरोद्याले ड्यूटीवर राह्यते. आन बाबुलालभाऊ. ते येत होते. रोज."

४. उलटी तार

बाबुलाल पटले खुर्सीपारला राहायचे. क्रेनच्या खाली उभं राहून हातांनी इशारे देणारा तो सिग्नलमन. वर केबिनमध्ये भैयालाल, खाली बाबुलाल. बावीस वर्षं या दोघांनी एकमेकांशी हातांनीच गप्पा मारल्या होत्या.

मोहरीलबाबू पोचले तेव्हा ते दारात सायकल उलटी करून चेन बसवत होते. काळ्या हातांनीच त्यांनी खिशातून एक पिवळी गोळी काढली आणि तोंडात टाकली. पेपरमिंटचा वास आला.

 आता काय विचारायचं? तुम्ही मित्राला मारताय का?

"ही गोळी..." एवढंच निघालं.

"पाह्यजे का? घ्या ना! रिटायर मानसाले डिस्पेंसरीतून हेच तं भेटते," बाबुलाल हसले. "भैयाले बी देतो. त्याचं पोट जळते म्हने. हप्त्याले दोन पत्ते आन वरून एक सुटी. बरोबर एकवीस पाह्यजे म्हनते. इस नाही, बाइस नाही. म्या म्हटलं, अबे, जळजळ का मोजून होते काय?"

आठवड्याला एकवीस. दिवसाला तीन. मोहरीलबाबू सायकलीच्या चाकाकडे बघत राहिले. ते चाक अजून फिरत होतं.

"कधीपासून?"

"थंडी पडली तवापासून. तारीख नाही मालूम."

"बाबुलालभाऊ, भैयालालजी माणूस कसा आहे? म्हणजे, कामाला?"

बाबुलालनं हात पुसले. त्यांचा चेहराच बदलला.

"सांगू? अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. क्रेनची मोटार रिपेरला गेली होती. ठेकेदाराच्या मानसानं परत जोडली, पन दोन तारा उलट्या लावल्या. कोनाले मालूम नाही. बारा टनाचा लोड. खाली तीन जन. म्या इशारा केला, खाली घे. भैयानं हँडल खाली घेतला, आन लोड चढाले लागला वर! सारे चिल्लाऊन राहिले, अजून खाली दे, अजून खाली दे! इंजिनिअरसाहेब बी. दुसरा ऑपरेटर असता तं घाबरून हँडल पुरा दाबला असता. लोड वर जाऊन ठोकला असता, रस्सा तुटला असता, तीन घरं उजाडली असती."

"मग?"

"त्यानं कोनाचं नाही आयकलं. हँडल शून्यावर आनला. बस. शून्यावर. लोड तिथल्या तिथं थांबला. मंग एक खाच देऊन पाह्यला, परत शून्य. मंग लाल फडकं बांधलं आन खाली उतरला. साहेबाले म्हने, साहेब, हे मशीन आता उलटं आयकून राहिलं. जितका खालचा हुकूम द्यान, तितकं वर जाईन." बाबुलाल थांबले. "आमच्या लाइनीत एक कायदा आहे बाबूजी. लाल फडकं ज्यानं बांधलं, त्यानंच सोडाचं. दुसऱ्यानं हात नाही लावाचा."

मोहरीलबाबू उभे राहिले. समोर आलेला चहा तसाच राहिला. भैयालालजींची बशी उचलण्याची ती लगबग त्यांना आठवली. त्यांना वाटलं होतं, तो पाहुणचार होता.

५. कॅलेंडरच्या खाली

रविवारी सकाळी गयाबाई आणि प्रेमला, एकमेकींशी न बोलता पण एकाच रिक्षात बसून, दुर्गच्या बाजाराला गेल्या होत्या. भैयालालजींची खोली उघडी होती. मोहरीलबाबू उंबऱ्यावर दोन मिनिटं थबकले. दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरायचं, म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तकाचं पान फाडण्यासारखंच. पण उद्या सोमवार होता.

भिंतीवर पंच्याण्णवचं कॅलेंडर होतं. जुन्या सवयीनं ऑपरेटर लोक कॅलेंडरवर शिफ्ट लिहितात. टेंभऱ्यांच्या घरीही निवृत्तीनंतर हे लिहिणं चालूच होतं, आणि घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली होती. पण त्या चौकटींत शिफ्टची अक्षरं नव्हती. आकडे होते. फेब्रुवारीत रोज एक. जानेवारीत दोन, दोन, एक, दोन.

क्रेनच्या हँडलला पाच खाचा असतात. एकवर सावकाश, पाचवर पूर्ण जोर.

नवं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्यावर लटकवायची पद्धत इथं घरोघरी. बाबूंनी ते उचललं. खाली चौऱ्याण्णव होतं. डिसेंबर, तीन, तीन, दोन. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोज पाच. आणि एकवीस नोव्हेंबरच्या चौकटीत पेन्सिलीनं ठळक काढलेलं एक शून्य, त्याभोवती गोल. त्यानंतर पाच, पाच, चार, पाच, चार, चार.

शून्याच्या दिवशी हँडल शून्यावर आला होता. बाकीचे आकडे म्हणजे पाठीचं दुखणं. तारीख मिळाली होती.

खिळ्याशेजारी जुनं पिवळं हेल्मेट टांगलेलं होतं. त्यांनी ते उलटं केलं. आत लाल फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. फडक्यातून फिकट पिवळ्या, बिनवासाच्या गोळ्यांच्या कडा दिसत होत्या. त्यांचा हात गाठीकडे गेला, आणि थांबला.

त्याच वेळी मागून त्यांच्या खांद्यावर एक जड पंजा पडला.

"नाही सोडली गाठ?" भैयालालजींनी विचारलं.

मोहरीलबाबूंनी मान हलवली. भिंतीवरची पाटी घेऊन तिच्यावर लिहिलं: ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं.

भैयालालजी हसले. खाटेवर बसले.

"गोळी सुरू झाली तवा आराम पडला बाबूजी. सहा महिने चांगले गेले. मंग पाठ दुखाले लागली. डाक्टरीनबाई म्हने, गोळी चुकवू नका. गयानं एकबी चुकू नाही दिली. जितकी बराबर घेतली तितकी पाठ जास्त. म्या म्हटलं, हे तं अठ्ठ्याहत्तरचं झालं! खाली देऊन राहिलो आन वर जाऊन राहिलं. आतली तार उलटी झाली काय? मंग शून्यावर आनून पाहाचं. पन आनू कसा? गया तोंड उघडून पाह्यते. तिले सांगतलं असतं तं रडली असती. म्हनून बाटलीतल्या बदलल्या. तिची ड्यूटी चुकू नाही देली."

बाबूंनी लिहिलं: डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"एवढी शिकेल बाई. तिले मी क्रेनवाला काय सांगू, का तुयी गोळी उलटी चालून राहिली? म्या म्हटलं, तीन रिपोट येऊ देऊ, मंग लॉगबुक घेऊन जाऊ. तिसरा मार्चात येनार होता."

मोहरीलबाबूंनी मान खाली घातली. ट्रंकेतल्या झेरॉक्सचीही नेमकी हीच गोष्ट होती. दोन भित्रे म्हातारे आपापलं शहाणपण कुलपात ठेवून शेजारी शेजारी राहत होते. फरक एवढाच, की यानं ते आपल्या पाठीवर तपासून पाहिलं होतं. रोज दुखणं मोजत, कुणाला न दुखावता, आणि एकही गोळी न फेकता.

मग त्यांनी पाटी पुसून आणखी एक वाक्य लिहिलं: प्रेमलावर आळ आलाय. ती घर सोडून निघाली होती.

भैयालालजींनी ते वाचलं.  त्यांनी हेल्मेट उचललं आणि ते फाटकाशी येऊन उभे राहिले, तसेच, डोक्यावर ऊन घेत. रिक्षा आली. भैयालालजी सुनेसमोर गेले.

"म्या बदलली गोळी, बाई. तू नाही. मले ऐकू नाही आलं. माफ कर."

प्रेमलानं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ती पहिल्यांदा रडली. गयाबाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. त्या नवऱ्याकडे नुसतं बघत होत्या.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "तीन महिने मी तुमाले पेपरमिंट चारून राहिली?"

आणि त्यांनी बोलणंच टाकलं.

६. सोमवार

कमलिनीबाईंच्या टेबलावर दोन वर्षांची कॅलेंडरं, मुंबईचे तीन रिपोर्ट आणि लाल पुरचुंडी होती. समोर टेंभरे, गयाबाई आणि प्रेमला. बाबुलाल दारात. मोहरीलबाबूंनी झेरॉक्स पुढे केली.

"हे माझ्याकडे होतं. ऑक्टोबरपासून. मला वाटलं, मी कोण..."

बाईंनी दोन्ही पानं तिथंच वाचून काढली. मग कॅलेंडरवरचं ते गोल केलेलं शून्य पाहिलं, त्यावर बोट ठेवलं. दहा नोव्हेंबर, एकतीस. एकवीस नोव्हेंबर, शून्य. बारा जानेवारी, चौदा. नऊ फेब्रुवारी, सहा.

"आधी रागावून घेते," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक वाक्य त्यांनी हातांनीही समजावलं. "तुमचा अंदाज चुकला असता, तर आज तुम्ही खाटेवरून उठला नसता. दुसऱ्या पेशंटनं असं केलं तर तो मरेल. मला सांगायला हवं होतं."

"चुकलं," भैयालालजी म्हणाले.

"आता ऐका. ग्रंथीतली पेशी आपल्या मनानं वाढत नाही. तिला निरोप लागतो. पुरुषाच्या अंगातलं संप्रेरक हा मोठा साहेब. तो शेजारच्या पेशींना सांगतो, त्या वाढीचे घटक सोडतात, ते पेशीच्या दारावर येऊन हुकूम देतात, वाढ. आणि हे सगळं बेतात ठेवायला जागोजागी ब्रेक असतात. ऑपरेशनात अंडग्रंथी काढून आपण साहेबाला घालवलं. ही गोळी कशासाठी, तर आत साहेबाचा हुकूम घेणारी जी जागा आहे, तिथं बसून राहायचं, म्हणजे उरलासुरला हुकूमही पोचू नये."

"लाल फडकं," बाबुलाल दारातून म्हणाले.

"अगदी तेच! पण रोगाची पेशी लबाड असते. काहींमध्ये ती जागाच बदलते, आणि लाल फडकं दिसलं की ती त्यालाच हिरवं समजते. गोळी जितकी नेमानं द्यावी, तितकी ती वाढते. आणि वाढीचे घटक मागच्या दारानं येऊन तीच जागा हलवतात असंही आता दिसायला लागलंय. निरोपाचे रस्ते खूप आहेत. आपल्याला थोडे ठाऊक आहेत."

"दोन तारा," भैयालालजी हळूच म्हणाले. "उलट्या."

"हो. आणि ते तुम्ही माझ्या आधी ओळखलंत." हे बोलताना डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मोहरीलबाबूंनी आयुष्यभर खूप विद्वान पाहिले होते. एवढ्या सहज उभं राहणारं माणूस त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं.

"मंग आता बरा झालो मी?"

"नाही. खोटं सांगणार नाही. उलटा हँडल सुटलाय, मशीन दुरुस्त झालेलं नाही. काही महिने असेच बरे जातील. ही पेशी पुन्हा दुसरी वाट शोधेल, तेव्हा आपण दुसरं काही करू. पण यापुढं दर महिन्याला तुमचं लॉगबुक माझ्या टेबलावर हवं. गोळी बंद." त्यांनी तसं लिहूनही दिलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "मुंबईला माझ्या गुरूंना हे कळवायचंय. नोंद कुणाची, ते लिहा."

भैयालालजींनी पेन घेतलं. सावकाश, कारखान्याच्या वहीत लिहावं तसं, दोन ओळी लिहिल्या आणि कागद गयाबाईंपुढे धरला. त्या तोंड फिरवून बसल्या होत्या.

"मले कुठं दिसते," त्या म्हणाल्या. कालपासूनचं ते त्यांचं पहिलं बोलणं. "वाच वं पोरी."

प्रेमलानं वाचलं. "ऑपरेटर, भैयालाल टेंभरे. सिग्नलमन..." ती थांबली. "सिग्नलमन, गयाबाई टेंभरे."

"अबे!" दारातून बाबुलाल ओरडले. "माई नौकरी गेली का?"

"तिनं तीन टाइम दिली नसती, एक बी दिवस चुकली असती, तं मले काय समजलं असतं?" भैयालालजी म्हणाले. "तिची ड्यूटी पक्की होती, म्हनून माया हिशेब पक्का निघाला."

 बराच वेळ गयाबाईंनी तो कागद हातात धरून ठेवला, दिसत नसताना. मग टेबलावरची लाल पुरचुंडी चाचपून उचलली, तिची गाठ ओढून आणखी घट्ट केली, वर स्वतःची एक गाठ मारली आणि ती कमरेला खोचली.

"आता हे मायाजवळ राहीन," त्या म्हणाल्या. "सोडाचं झालं तं पह्यले मले पुसा. तुमी बी, डाक्टरीनबाई."